शत्रूच्या चेहऱ्यावर ठोकलेलं नाव

नाण्याच्या एका बाजूला झालर लावलेली छत्री, दुसऱ्या बाजूला धान्याची तीन कणसं. छत्रीभोवती ग्रीक अक्षरांत राजाचं नाव आहे, अग्रिप्पा. हा हेरोद राजाचा नातू. कणसांच्या दोन अंगांना 'वर्ष सहा' असं सांगणारी अक्षरं आहेत, म्हणजे इ.स. ४१-४२. जेरुसलेमच्या टाकसाळीतलं हे कांस्याचं नाणं आहे बोटाच्या पेराएवढं. तेव्हा ते इतकं पाडलं गेलं की दोन हजार वर्षांनीही नोकरदार माणसाला परवडेल अशा भावात मिळतं. माझ्या बायकोला ते परवडलं आणि धुळ्याच्या तिच्या मामांना ते पटलं नाही.

दोघांची ओळख थोडक्यात. ती जळगावात एका सराफी पेढीवर वजन आणि कस पाहण्याचं काम करते. मामा निवृत्त इतिहास शिक्षक. अर्ध्याहून जास्त आयुष्य त्यांनी राजवाडे संशोधन मंडळाच्या कपाटांसमोर घालवलेलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती आजोळी आली, पर्समधून प्लॅस्टिकच्या डबीतलं नाणं काढलं आणि आमरसाची वाटी हातात असतानाच वाद सुरू झाला. जावयाने सासुरवाडीच्या वादात बोलायचं नसतं, म्हणून मी ऐकण्याचं काम केलं. मनात येईल ते मात्र इथे अधूनमधून लिहिलं आहे.

मामा : हाई काय शे व माय? छत्री? छत्रीच हवी होती तर शिवराई घ्यायची. 'श्री राजा शिव' आणि मागे 'छत्रपति'. छत्र म्हणजे काय हे आपल्या पोरांना त्या तांब्यावरून कळतं. यहूदियाचा राजा अग्रिप्पा तुझा कोण लागतो?

भाची : कुणी नाही. म्हणूनच घेतलं. शिवराई हातात घेतली की मला आधीच सगळं माहीत असतं, मान आपोआप खाली जाते. हे नाणं मला काहीच सांगत नव्हतं, अक्षर न् अक्षर लावावं लागलं. मग लक्षात आलं, चेहरा का नाही? रोमच्या नाण्यांवर सम्राटाचं डोकं असतंच. इथे राजाने डोक्याच्या जागी छत्री घातली, कारण ज्यूंच्या धर्मात कोरलेली प्रतिमा निषिद्ध. त्याआधीच्या हास्मोनी राजांनी तर नांगर, तारा, कमळासारखं लिलीचं फूल आणि जुन्या हिब्रू लिपीतली अक्षरं अशा गोष्टींवरच भागवलं.

मामा : नांगर? शेतातला?

भाची : जहाजाचा. अलेक्झांडर यन्नाय म्हणून राजा होता, इ.स.पूर्व १०३ ते ७६. त्याची नाणी सगळ्यात जास्त सापडतात. खडूच्या दगडात खाचांची रांग करायची, त्यात धातू ओतायचा, पट्टी निघाली की ठसे मारून एकेक तुकडा तोडायचा. काही नाण्यांना तोडल्याची शेपटी अजून आहे. शेवटीशेवटी तर इतकी हलकी पाडली की अर्ध्या ग्रॅमलाही महाग. आमच्याकडे कुणी असा माल आणला तर आम्ही काट्यावरच ठेवणार नाही.

मामा : आणि तीच 'विधवेची दमडी' म्हणून विकतात ना? मी पण वाचतो गं. शुभवर्तमानातल्या गरीब विधवेने मंदिरात दोन नाणी टाकली, ती हीच असं दुकानदार सांगतो. टायर शहराचा चांदीचा शेकेल घेतला तर 'यहूदाच्या तीस नाण्यांपैकी' म्हणून सांगणार. मूळ मजकुरात राजाचं नाव आहे का, टाकसाळीचं आहे का? गोष्ट विकतात आणि तोंडी लावायला नाणं देतात.

हा घाव बरोबर बसला. तिच्या डबीवर विक्रेत्याने चिकटवलेली चिठ्ठी होती आणि तीवर छत्री-कणसांच्या आधी 'बायबलच्या काळातलं' हे शब्द छापलेले होते. तिने चिठ्ठी नखाने उचकटली. या नाण्यांच्या बाजारात श्रद्धेला भाव आहे हे जुनंच. सोळाव्या शतकापासून जर्मनीतल्या ग्योर्लिट्झ गावाच्या नावाने ओळखले जाणारे बनावट शेकेल भाविक घरी नेत आले. एका बाजूला धुपाचं पात्र, दुसऱ्या बाजूला डहाळी, आणि प्राचीन काळात तसं नाणं कधी पाडलंच गेलं नव्हतं. भाविकांनी फसवणूक म्हणून नेलं की आठवण म्हणून, हा वेगळा प्रश्न.

भाची : दुकानदाराची चिठ्ठी सोडा मामा. टायरच्या शेकेलची खरी गोष्ट चिठ्ठीपेक्षा भारी आहे. त्यावर मेलकार्त नावाच्या परक्या देवाचं डोकं आणि मागे गरुड. दोन्ही ज्यूंना वर्ज्य. तरी जेरुसलेमच्या मंदिराचा वार्षिक कर, माणशी अर्धा शेकेल, याच चांदीत भरायचा. का? कस. चौदा ग्रॅमच्या आसपास वजन आणि चांदी इतकी चोख की दुसरं नाणं त्याच्या जवळ येत नव्हतं. गावोगावहून येणारे भलतीसलती नाणी आणायचे, सराफ ती बदलून द्यायचे आणि वर बट्टा घ्यायचे. येशूने मंदिरात ज्यांची टेबलं उलथली ते हेच, आमच्या धंद्यातले. पुजाऱ्यांनी चेहरा पाहिला नाही, चांदी पाहिली. हे मला पुस्तकात वाचून कळलं नसतं. पेढीवर बसते म्हणून कळलं.

मामा : आता तू माझ्याच बाजूने बोलतेयस. हे तुला कुणी सांगितलं? ज्यूंच्या धर्मशास्त्रातल्या नोंदींनी. नाण्यावर 'मंदिराचा कर' असं लिहिलेलं नाही. कागद नसेल तर धातू मुका. आपल्या नाशिकच्या लेण्यात उषवदाताने कोरून ठेवलंय, तीन हजार कार्षापण ठेव, त्यातले दोन हजार विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने, उरलेले हजार दुसऱ्या श्रेणीकडे पाऊण टक्क्याने. पस्तीस कार्षापणांचा एक सुवर्ण, हा भावसुद्धा दिलाय. एवढं कुठलं नाणं सांगतं?

भाची : उषवदात म्हणजे नहपानाचा जावई. मग जोगलटेंभीवर या.

इथे मामा जरा सावरून बसले. जोगलटेंभी नाशिक जिल्ह्यातलं, धुळ्याच्या माणसाला परकं नाही. १९०६ साली तिथे नहपान क्षत्रपाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा निघाला, तेरा हजारांहून जास्त. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी ती तपासून दोन वर्षांनी रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात लिहिलं. त्यांपैकी नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर दुसरा ठसा मारलेला होता. नहपानाच्या चेहऱ्यावर चैत्याची टेकडी आणि सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचं नाव, मागच्या बाजूला उज्जैनचं म्हणतात ते चिन्ह. खालून क्षत्रपाचं नाक डोकावतं, कुठे ग्रीक अक्षर, कुठे खरोष्ठी. मराठी मुलुखाच्या इतिहासात जिंकल्याचा इतका ढळढळीत पुरावा दुसरा मला माहीत नाही.

भाची : आता ऐका. त्याच काळाच्या आसपास, इ.स. १३२ ते १३५, यहूदियात शिमोन बर कोखबाने रोमविरुद्ध बंड केलं. त्याने स्वतःची नाणी काढली, पण नवी चांदी होतीच कुठे? रोमची चालू नाणी घेतली आणि त्यांवर ठसा मारला. एका बाजूला जेरुसलेमच्या मंदिराची दर्शनी बाजू. ते मंदिर रोमने साठेक वर्षांपूर्वीच जाळलेलं. दुसऱ्या बाजूला सणात हातात धरायची खजुराच्या पात्यांची जुडी. अक्षरं 'जेरुसलेमच्या स्वातंत्र्यासाठी'. आणि खालून ट्राजन नाहीतर व्हेस्पासियन डोकावतो. सातकर्णी आणि बर कोखबा यांनी एकमेकांचं नावही ऐकलं नसेल, पण हातोडा दोघांनी सारखाच उचलला.

मामा : 'त्याच काळाच्या आसपास' हे जपून म्हण. नहपान कधी संपला यावर विद्वानांचं अजून एकमत नाही. कुणी ७८ च्या सुमारास संपवतो, कुणी १२४ च्या. त्याच्या नाण्यावर साल नाही. तुझ्या बर कोखबाने निदान 'वर्ष एक', 'वर्ष दोन' लिहिलं.

भाची : तिसऱ्या वर्षी त्यानेही सोडलं. तेव्हा नुसतं स्वातंत्र्य लिहिलं, वर्ष नाही.

मामा : हरायला लागल्यावर माणूस वर्षं मोजत नाही. पण दोघांत फरक आहे. सातकर्णी जिंकला. त्याच्या आईने, गौतमी बलश्रीने, नाशिकच्या लेण्यात लिहवून ठेवलं की माझ्या मुलाने क्षहरातांचा, म्हणजे नहपानाचा, वंश उरू दिला नाही. तिथे नाणं आणि लेख एकमेकांना दुजोरा देतात. बर कोखबाचं नाणं हे हरलेल्याचं नाणं. ते स्वातंत्र्य सांगतं जे मिळालंच नाही. म्हणजे नाणं खोटं बोलू शकतं.

भाची : नाणं दावा सांगतं. दावा खोटा ठरला तरी तो केला गेला होता, एवढं खरं. आणि दुसरी गोष्ट मामा, ही कुठल्या पुस्तकात नाही, माझी आहे. पुन्हा ठसा का मारायचा? चांदी वितळवून नवी चकती का नाही करायची? आटणी केली की कोळसा लागतो, माणूस लागतो आणि प्रत्येक आटणीला घट येते. नऊ हजार नाण्यांची घट काढून बघा. त्यापेक्षा तापवलं, ठोकलं, झालं. राजाचं नाव बदललं, वजन तेवढंच राहिलं. बर कोखबाच्या लोकांनी काय केलं? कांस्याच्या नाण्यांवरचा सम्राट कानशीने घासून काढला, मग ठसा मारला. चांदीच्या नाण्यांवर मात्र कानस लावली नाही, तसाच ठसा मारला. म्हणून चांदीतून रोमचा चेहरा डोकावतो, कांस्यातून सहसा नाही. चांदी घासली तर वजन जातं ना! रोमविषयीचा राग तांब्यावर पूर्ण उतरला आणि चांदीपाशी येऊन थांबला.

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मामींनी रसाची वाटी भरली तीही त्यांनी पाहिली नाही. मला वाटतं, हा तिचा मुद्दा सातकर्णीलाही लागू पडतो. विजयाची घोषणा म्हणून आपण जे वाचतो त्यात टाकसाळीचा हिशेब अर्धा असेल. घोषणा आणि काटकसर एकाच फटक्यात होते, हे तख्तावरच्या माणसाला काय किंवा भट्टीपुढे बसलेल्याला काय, कळत होतंच.

मामा : बरं. ही तुझी गोष्ट मी मानली. आता माझी ऐक. हे तुला जोगलटेंभीवरून का सांगता आलं? कारण साठा एकत्र राहिला. तेरा हजारांत नऊ हजार ठसा मारलेली आणि बाकीची तशीच, याचा अर्थ नहपानाची शुद्ध नाणी आणि सातकर्णीची दुरुस्त नाणी एकाच वेळी, एकाच गाठोड्यात चालत होती. स्कॉटला त्या नाण्यांवरचे चेहरे एकमेकांसारखे दिसेनात, म्हणून त्याला वाटलं की हे एका माणसाचे नसून घराण्यातल्या अनेकांचे असावेत. त्याचं बरोबर असो नसो, पण शेकडो चेहरे शेजारी ठेवले म्हणून तो प्रश्न तरी पडला. तेच साठ्यातलं एकेक नाणं तेरा हजार ठिकाणी विकलं गेलं असतं तर? तुझ्यासारख्या तेरा हजार हौशी माणसांकडे तेरा हजार डब्या, आणि इतिहास शून्य.

भाची : डबीतल्या नाण्यावर ठसा तर दिसतोच.

मामा : ठसा दिसतो, गाव दिसत नाही. तुमच्याच यहूदियातलं उदाहरण देतो. मसाडाचा किल्ला माहीत आहे? यिगाएल यादीन यांनी १९६३ ते १९६५ तिथे उत्खनन केलं. रोमविरुद्धच्या पहिल्या बंडातले चांदीचे शेकेल मिळाले. एका बाजूला प्याला, दुसऱ्या बाजूला एका देठावर तीन डाळिंबं. हे शेकेल पाच वर्षं पाडले गेले, इ.स. ६६ पासून ७० पर्यंत. पाचव्या वर्षाचे फार दुर्मीळ, कारण ते वर्ष लागलं तोवर जेरुसलेमला रोमन सेनापती टायटसचा वेढा पडत होता आणि उन्हाळ्यात मंदिर जळालं. मसाडात पाचव्या वर्षाचे शेकेलसुद्धा सापडले. म्हणजे काय झालं सांग.

भाची : वेढ्यातून कुणीतरी निसटलं. चांदी घेऊन.

मामा : आणि वाळवंट तुडवत किल्ल्यावर पोचलं. हे त्या नाण्याने सांगितलं की त्या जागेने?

भाची : जागेने सांगितलं. पण 'वर्ष पाच' हे नाण्यावर होतं, म्हणून जागेला ते सांगता आलं.

इथे मला टाळी द्यावीशी वाटली. कुणाला द्यायची हे ठरेना, म्हणून दिली नाही.

मग बोलणं कोकणात गेलं. मामांनीच नेलं. मराठी माणसाला ज्यू म्हटलं की जेरुसलेम नंतर आठवतं, आधी दिवेकर, पेणकर, रोहेकर अशी आडनावं आठवतात. अलिबागजवळच्या नवगावला जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, अशी बेने इस्रायल समाजाची परंपरा. पुढे ते तेलाचे घाणे चालवू लागले, शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावाने त्यांना 'शनिवार तेली' म्हटलं.

मामा : बघ, त्यांच्याजवळ तिथलं एक नाणं निघालं नाही. ना पोथी ना शिक्का. तरी शेकडो वर्षं शनिवार पाळला. स्मरण टिकायला धातू लागत नाही.

भाची : शनिवार टिकला, साल नाही टिकलं. जहाज कधी फुटलं? कुणी इसवी सनापूर्वीचं सांगतो, कुणी त्यानंतर कित्येक शतकांनी. त्या चौदा जणांपैकी एकाच्या कमरेच्या कशातली यन्नायची एक नांगराची दमडी नवगावच्या वाळूत मिळाली असती, तर निदान 'याच्या आधी नाही' एवढं सांगता आलं असतं.

मामा : एका दमडीवर? ती दमडी नंतरचा कुणी व्यापारीही टाकून गेला असेल.

भाची : मग तुमच्या त्या पेरिप्लसचं काय? ग्रीक खलाशाच्या पुस्तकात लिहिलंय ना, भडोच बंदरात रोमची सोन्या-चांदीची नाणी इथल्या नाण्यांशी फायद्याने बदलली जात. पैठण, तेरचा माल तिकडे जायचा. वाटेत तापी आडवी आहेच. तिथला राजा मॅम्बानस म्हणजे नहपान असं बरेच जण मानतात. मग रोमची चांदी वितळून नहपानाच्या नाण्यात आली नसेल? टायरची चांदी आपल्या खान्देशातून गेलीच नसेल?

मामा : 'नसेल' म्हणजे 'असेल' नव्हे. पुरावा? प्रकाशाला तापीकाठी, बहाळला गिरणाकाठी उत्खननं झाली, ती वाच. मग बोल. राजवाडे गावोगाव फिरले, ट्रंका भरून कागद आणले, पण कागद कुणाच्या घरातला ते सोडून विधान केलं नाही. १९२६ च्या शेवटच्या दिवशी ते इथेच धुळ्यात गेले, आणि त्यांच्यामागे मंडळ उभं राहिलं ते त्या कागदांसाठी. मूळ ठिकाण सोडलेली वस्तू म्हणजे उताऱ्यावर नाव नसलेली जमीन. कसायला बरी, दावा सांगता येत नाही.

मामांशी मी इथे सहमत आहे, आणि बायको हे वाचणार आहे. इस्रायलमध्ये १९७८ च्या कायद्याने जमिनीतून निघणारी प्राचीन वस्तू सरकारची ठरते. परवानाधारक दुकानदार मात्र जुना साठा विकू शकतात. जुना कोणता आणि काल रात्री टेकडी उकरून काढलेला कोणता, हे डबीवरच्या चिठ्ठीत नसतं. आपल्याकडेही १८७८ चा गुप्तधनाचा कायदा आहे, दहा रुपयांहून जास्त किमतीचं पुरलेलं काही सापडलं तर कलेक्टरला कळवायचं. नांगराच्या फाळाला हंडा लागल्यावर किती जण कळवतात, याची चर्चा सराफ बाजारात न केलेली बरी. जुन्या चांदीसाठी भट्टी सहज पेटते. आणि तरी बायकोची बाजूही मला खोडता येत नाही. कपाटात कुलूपबंद असलेल्या हजारो नाण्यांकडे ज्या डोळ्यांनी कुणी पाहत नाही, त्या डोळ्यांनी ती आपलं एक नाणं पाहते. कानस कुठे चालली आणि कुठे थांबली हे तिला दिसलं, ते घट मोजणाऱ्या हातामुळे.

मामा : पावती आहे का?

भाची : आहे. त्यात सापडल्याचं ठिकाण 'इस्रायल' लिहिलंय.

मामा : म्हणजे 'खान्देश' लिहिल्यासारखं. गाव कोणतं? शिवार कोणतं?

भाची : विचारते. दुकानदार सांगणार नाही, हेही सांगते. मग पुढचं घेणार नाही.

मामा : हे मात्र लिहून दे.

ते आत गेले आणि पत्र्याचा डबा घेऊन आले. आतमध्ये शिवराया, साठ-सत्तर तरी असतील. प्रत्येक कागदाच्या पुडीत, प्रत्येक पुडीवर शाईने गाव, साल, कुणी दिली ते लिहिलेलं. पारोळा. साक्री. अमळनेर, बाजारात कल्हईवाल्याकडून. शिरपूर, शाळेतल्या मुलाने आणून दिली, वाड्याच्या पायात निघाली. तिने दहा-बारा पुड्या उघडून पाहिल्या आणि भुवया उंचावल्या.

भाची : मामा, वजन?

मामा : कसलं वजन?

भाची : एकाही पुडीवर वजन नाही. शिवराई दीडदोनशे वर्षं चालली, पेशव्यांच्या काळातही पाडली गेली. कुणाची भारी, कुणाची हलकी. भारी अकरा-बारा ग्रॅमच्या घरात जाते, मग घसरत येते. ती घसरण हाच तर इतिहास. गाव लिहिलंत आणि वजन सोडलंत, तर यातली राजाची कुठली आणि नंतर कुणी पाडलेली कुठली, हे निम्म्या पुड्यांत सांगता यायचं नाही.

मामा : अक्षराच्या वळणावरून मी सांगतो की.

भाची : सांगा. मी काट्यावरून सांगते. जुळलं तर तुमचं, नाही जुळलं तर दोघांचं चुकलं. अमळनेरची आधी घ्या.

तिने पर्समधून तळहाताएवढा इलेक्ट्रॉनिक काटा काढला. सराफाच्या माणसाजवळ तो असतोच. ओट्यावर ठेवला, पुडी सोडली. आकडा स्थिर होईना, दुसऱ्या दशांशावर नाचत राहिला.

भाची : पंखा बंद करा मामा. वाऱ्याने काटा हलतो.

मामा : आखाजीच्या उन्हात? धुळ्यात?

भाची : साठ नाण्यांना तासभर लागेल. तुम्ही आकडे लिहा.